नाकमास्तर

१० मार्च, सोमवार

तीन आठवड्यांनी कामावर गेलो. तापाने अंगाचं पार चिपाड करून टाकलंय. तोंडाला अजून चव नाही. ही भाजीत मीठ घालायचं विसरते की काय कोण जाणे. बोललं की म्हणते, "सगळं तेच आहे, तुमचंच तोंड बिघडलंय." बरं बाई, माझंच तोंड.

कारखान्यात एक नवीन इंजिनियरबाई आल्यात. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, पायात गुडघ्यापर्यंत बूट. साहेबांनी ओळख करून दिली, "हे आमचे नाकमास्तर. पंचवीस वर्षं सांडपाण्यावर आहेत. यांनी हो म्हटल्याशिवाय इथे कुणी खाली उतरत नाही." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे काय, काका?"

मग मी त्यांना सगळं दाखवलं. मक्यापासून स्टार्च काढताना जे आंबट पाणी उरतं ते सगळं आमच्या मोठ्या तळ्यात येऊन सडतं. तळ्याच्या काठाला बारा फुटांचा खड्डा आहे, त्याच्या तळाशी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह अडकला की फिटरला खाली उतरावं लागतं. त्याआधी मी झाकण काढतो, पोटावर झोपतो, डोकं आत घालतो आणि तीन श्वास घेतो. सडक्या अंड्याचा वास भरून आला तर थांबायचं. निभण्यासारखा असला तर मी पान्ह्याने झाकणावर दोन ठोके देतो. दोन ठोके म्हणजे उतर. पंचवीस वर्षांत एकालाही साधी घेरी आलेली नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. (फुशारकी म्हणूनच लिहितोय. वही माझी आहे.)

एक नवल मात्र खरं. मी नव्हतो तर तळं सुधारलं की काय? वास पूर्वीच्या पाव हिस्साही नाही. बारक्याला तसं म्हटलं तर तो बघतच राहिला. "दाजी, माझ्या तर डोळ्यांतून पाणी येतंय." नाजूक झालाय बेटा.

बारक्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमचा फिटर. आईबाप गेले तेव्हा अकरा वर्षांचा होता, तेव्हापासून आमच्याकडेच. आम्हाला मूलबाळ नाही. आता एकतीस वर्षांचा घोडा झालाय, पण बाहेरच्या खोलीत अजून टॉवेल ओलाच टाकतो.

१४ मार्च

आज बाईंनी तळ्यात टब सोडला. प्लॅस्टिकचा टब, उपडा, कडेला फुगवलेली ट्यूब बांधलेली. तो पाण्यावर तरंगतो, खालून येणारे बुडबुडे त्यात साठतात, आणि दर दहा मिनिटांनी बाई सुईने त्यातली हवा काढून इवल्याशा बाटलीत भरतात. होडी बारक्या वल्हवत होता. मी काठावरून सूचना देत होतो, त्या कुणी ऐकत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काका, यात मिथेन आहे. कोळशाच्या धुरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आभाळ तापवतो. तुमचं हे एक तळं किती मिथेन सोडतं हे कुणी आजवर मोजलेलंच नाही." तळ्यावर जाड काळी चादर अंथरायची, खालचा गॅस पाइपाने बॉयलरला न्यायचा, असा बेत आहे. कोळसा वाचेल आणि आभाळही वाचेल म्हणे.

मी विचारलं, त्या मिथेनला वास कसला?

"वासच नसतो."

म्हटलं, ज्याला वास नाही त्याला आम्ही गॅस म्हणतच नाही. सगळे हसले. बाई म्हणाल्या, "आणि ज्याला आहे तोही फसवतो. तो अंड्याच्या वासाचा गॅस जास्त झाला ना, की आधी नाकच सुन्न करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं, काका." पोरगी हुशार आहे, पण पुस्तकातली. माझं नाक तिच्या वयाइतकं जुनं आहे.

२ एप्रिल

बाईंनी मीटर आणलाय. पिवळा, मुठीत मावेल एवढा. दोरीने खड्ड्यात सोडायचा, गॅस असला तर कोकलतो. बाईंनी फर्मान काढलं, यापुढे मीटरशिवाय कुणी उतरायचं नाही. स्टोअरकीपरने लगेच तो कपाटात ठेवून कुलूप घातलं. सहीशिवाय मिळणार नाही, हरवला तर त्याची मान जायची. झालं! म्हणजे मीटर सुरक्षित.

खरं सांगायचं तर मला ते पिवळं डबडं बघवत नाही. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. तेवढी माझ्या नाकावर निघू द्या की. मग लटकवा गळ्यात मीटर.

संध्याकाळी हिने पातेलं माझ्यापुढे धरलं. "बघा हो, दूध नासलंय का?" मी वास घेतला, म्हटलं ठीक आहे, कर चहा. ही तशीच उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मग सगळं दूध मोरीत ओतलं. कारण विचारलं तर म्हणे, "जुनं होतं." चांगलं दूध! बायकांच्या मनात कधी काय येईल, देव जाणे.

२१ एप्रिल, सोमवार

आज हिने घर डोक्यावर घेतलं. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. ही बाहेरून आली ती किंचाळतच. धाडधाड खिडक्या उघडल्या, शेगडीचं बटण फिरवलं, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. म्हणे गॅस सुरू राहिला होता. असेल थोडा. पण केवढा आकांत! मी म्हटलं, "अगं, मला वास आला नसता का? मी काय करतो दिवसभर?" त्यावर पायरीवर बसून ढसाढसा रडली.

मग फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. बारक्याशी बोलत होती बराच वेळ. विचारलं तर म्हणाली, मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं. मावशीच्या डोळ्यासाठी एवढं रडायचं?

६ मे

बारक्यात फरक पडलाय. चांगला. पूर्वी मी खड्ड्यापाशी आडवा झालो की हा लांब विड्या फुंकत बसायचा. आता विडी सोडलीय. मी उठलो की लगेच माझ्या जागी वाकतो, कधी बुटाची नाडी बांधायला, कधी खाली पडलेला नट शोधायला. मग मी ठोके द्यायच्या आत म्हणतो, "दाजी, थांबू या का जरा?" आणि खरंच, थांबलेलं बरं असतं. परवा तसाच अर्धा तास थांबलो. बाईंनी मागाहून मीटर सोडला तर कोकलला. मी सर्वांसमोर म्हटलं, बघा, नाकाने आधीच सांगितलं होतं. बारक्या म्हणाला, "मग! दाजींचं नाक आहे ते." छाती भरून आली. कुणी काहीही म्हणो, पोरगं माझ्या हाताखाली तयार झालंय.

आणि पान्हासुद्धा हल्ली तोच उचलून माझ्या हातात देतो. मान देतो.

१९ मे

चादर अंथरली. चाळीस माणसं लागली. काळीकुळकुळीत, तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. दुपारपर्यंत मधोमध फुगायला लागली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "काका, हे सगळं रोज वर जात होतं. दिसत नव्हतं एवढंच."

खरं सांगू? मलाही कसंसंच झालं. पंचवीस वर्षं मी या तळ्यावर राखण केली आणि एवढा ऐवज माझ्या नाकाखालून जात होता.

बाईंनी ताकीद दिलीय की आता गॅस चादरीखाली कोंडला जाणार, तो खड्ड्यातही जास्त उतरेल, तेव्हा दुप्पट जपा. हो हो म्हटलं.

२८ मे

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ही नवीन साडी नेसली, केसांना काहीतरी लावलं, दोनदा माझ्या जवळून गेली. मी साडीचं कौतुक केलं. "आणखी काही?" म्हणाली. मी म्हटलं, आणखी काय? बारक्याने येऊन म्हटलं, "अक्का, अत्तर काय भारी आहे गं! अख्ख्या गल्लीला कळलं." हिने त्याला डोळ्याने दटावलं. आता यात दटावण्यासारखं काय होतं?

१० जून, मंगळवार

परवा बॉयलरमध्ये गॅसची ज्योत पेटवायची. मोठमोठी माणसं येणार, बाहेरून दोन पत्रकारही. साहेबांना धड जेवण जात नाहीये. बाई नमुन्यांच्या बाटल्या घेऊन शहरात गेल्यात, उद्या रात्री परतणार. जाताना चार वेळा बजावलं, "मी येईपर्यंत खड्ड्यात कुणी नाही."

बारक्याला सडकून पडसं झालंय. नाक लाल, डोळे सुजलेले, तीन दिवस झाले. मी म्हटलं, रजा टाक, पडून राहा. तर म्हणतो, "मी नसलो तर तुमच्याबरोबर कोण?" म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ही त्याला वाफारा देत होती. पांघरुणाखालून त्याने विचारलं, "अक्का, उद्यापर्यंत मोकळं होईल ना?" उद्याची एवढी काय घाई आहे याला? ज्योत तर परवा आहे.

१३ जून

बारक्या गेला.

१६ जून, सोमवार

लिहिल्याशिवाय डोकं थांबत नाही. म्हणून लिहितो.

अकरा तारखेला दुपारी साहेब धावत आले. बॉयलरकडे गॅस येत नव्हता. गॅसचा पाइपही त्याच खड्ड्यातून नेलेला, त्याचा व्हॉल्व्ह अर्धा उघडून अडकला होता. बाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, हात लावू नका, मी निघतेच आहे. साहेब म्हणाले, उद्या पाहुण्यांपुढे मी काय पेटवू, माझं डोकं? मग माझ्याकडे वळले. "नाकमास्तर, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

किती दिवसांनी कुणी असं विचारलं होतं! मीटर कपाटात होता. स्टोअरकीपर जेवायला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. अर्ध्या तासात आला असता. अर्धा तास.

मी झाकण काढलं, पोटावर झोपलो, तीन श्वास घेतले. काही नाही. धुतल्यासारखी हवा. इतकी स्वच्छ हवा त्या खड्ड्यात मी जन्मात अनुभवली नव्हती. मला वाटलं, चादरीची करामत.

बारक्या वाकला. नाडी बांधायला. बराच वेळ वाकून होता. त्याचा श्वास फुर्र फुर्र वाजत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, नक्की ना? मीटर आणू या का?"

यापूर्वी त्याने असं कधी विचारलं नव्हतं. साहेब बघत होते, बॉयलरवाला बघत होता. मी म्हटलं, "नक्की म्हणजे काय रे? कालपासून करतोय का मी हे?"

तो हसला. "तसं नाही हो दाजी. चला, द्या ठोके." आणि पान्हा माझ्या हातात दिला.

मी दिले दोन ठोके.

सातवी पायरी असेल. हात सुटले. आवाजसुद्धा काढला नाही त्याने. मी शिडीला लोंबकळलो तेवढ्यात बॉयलरवाल्याने मला कमरेला मिठी मारून मागे खेचलं. मी त्याला चावलो. त्याच्या मनगटावर माझे दात अजून आहेत. पंखा लावून, दोर सोडून बारक्याला वर काढायला वीस मिनिटं लागली.

दवाखान्यात दोन दिवस काढले त्याने. बोलला नाही. तेरा तारखेला सकाळी साडेनऊला गेला. संध्याकाळी पोचवून आलो.

ही माझ्याशी बोलत नाही असं नाही. जेवा म्हणते, झोपा म्हणते. मला दोष देत नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जून

इंजिनियरबाई घरी येऊन गेल्या. दारातच उभ्या होत्या, आत या म्हटलं तरी येईनात. "मी जायलाच नको होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हिने त्यांना पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवला. मग त्या मोठ्याने रडल्या.

मला म्हणाल्या, "काका, गॅस इतका होता की कुणाचंही नाक सुन्न झालं असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी लगेच हो म्हटलं. बुडणाऱ्याला काडीचा आधार. आज पहिल्यांदा दोन घास गेले.

२० जून, शुक्रवार

दवाखान्यातून त्याच्या कपड्यांची पिशवी आणली. गाठ मारलेली. ही म्हणाली, "द्या, धुऊन ठेवते." मोरीत बसून गाठ सोडली आणि एकदम मागे फेकल्यासारखी झाली. पदर नाकाला लावला, ओकारी आली, भिंतीला धरून उठली. मी शेजारीच होतो. पिशवी माझ्या पायांपाशी उघडी पडली होती. त्याचा निळा शर्ट, पँट, एक मोजा.

मी विचारलं, "काय झालं?"

हिने नुसतं पिशवीकडे बोट केलं. मी खाली वाकलो. शर्ट उचलून तोंडापाशी नेला. चिखल वाळला होता त्यावर. मी तो नाकावर दाबला. पुन्हा दाबला. काही नाही. पाण्यासारखं काही नाही.

"वास येतोय याला?" मी विचारलं.

"दारापर्यंत येतोय," ही म्हणाली.

मी तिथेच ओल्यात बसलो. नासलेलं दूध होतं ते. शेगडी खरंच उघडी होती. त्या दिवशी हिने केसांना अत्तर लावलं होतं.

"कधीपासून?"

"तापातून उठलात तेव्हापासून."

"तुला माहीत होतं? आणि बोलली नाहीस?"

"कशी बोलू? त्या एका नाकावर तुम्ही ताठ चालत होतात. दोनच वर्षं राहिली होती. म्हटलं, निघतील." मग पदर तोंडातून काढून म्हणाली, "त्यालाही माहीत होतं. मीच सांगितलं, गॅस उघडा राहिला त्या दिवशी. म्हणाला, तू काळजी करू नकोस अक्का, दाजींनंतर मी बघत जाईन. त्यांना कळू देणार नाही. एवढंच तर आहे त्यांचं."

मला रडू आलं नाही. शर्ट हातात होता. हिने तो काढून घेतला आणि धुवायला बसली.

२२ जून

आज बॉयलरची ज्योत पेटवली म्हणे, गाजावाजा न करता. बॉयलरवाला सांगायला आला. मनगटाला पट्टी होती. म्हणाला, दिवसाउजेडी निळी ज्योत नीट दिसतही नाही. मला वाईट वाटेल म्हणून हळू बोलत होता. मला काही वाटलं नाही. ते काम चांगलंच आहे. बारक्याही तेच म्हणायचा.

२४ जून, मंगळवार

चौकशीचा दिवस. अधिकारी बाहेरचे, सोबत कारकून. आत जायच्या आधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. कागद तयार होता. कामगार परवानगी नसताना आपणहून खाली उतरला. खाली बॉयलरवाल्याची सही झालेली, स्टोअरकीपरचीही. "तुमचं नाव कुठेच येत नाही," साहेब म्हणाले. "सन्मानाने निवृत्त व्हाल. आता गेलेला माणूस काही परत येत नाही."

म्हटलं, साहेब, तो जन्मात कधी माझ्या परवानगीशिवाय पानसुद्धा खायला गेला नाही.

आत जाऊन सांगितलं. मी ठोके दिले. बाईंनी मनाई केली होती. मीटर कपाटात होता, मी थांबलो नाही. साहेबांना घाई होती, पण हो मी म्हटलं. मार्चपासून मला कसलाच वास येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यांनी मान वर करून विचारलं, "ठाऊक नव्हतं?" म्हटलं, नव्हतं. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं, पण खरं होतं. बॉयलरवाला उठला आणि म्हणाला, माझी सही मागे घ्यायचीय.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं सांगितलंत?"

"तुझं काय सांगायचं? तुझा काय संबंध?"

"माझा संबंध नाही?" ही ओरडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "सगळं एकट्यानेच घेऊन बसणार का तुम्ही? तिथेही तुमचाच मान?"

चपला घातल्या आणि चालू लागली. मी मागून. कार्यालय बंद व्हायच्या बेतात होतं, कारकून फायली आवरत होता. ही त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, माझंही लिहून घ्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "यांना वास येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कारखान्यात कुणाला सांगितलंत?"

"एकालाच."

कारकून पेन धरून थांबला. "कुणाला?"

हिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. कारकुनाने पुन्हा विचारलं. शेवटी मी सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं.